'मद्रास कॅफे': श्रीलंकेचे यादवी युद्ध आणि पडद्यावरची पत्रकार

शूजित सरकार यांचा 'मद्रास कॅफे' २३ ऑगस्ट २०१३ रोजी प्रदर्शित झाला. श्रीलंकेतील यादवी, भारतीय शांतिसेना आणि माजी पंतप्रधानांची हत्या हा विषय हिंदी पडद्यावर इतक्या थेटपणे तोपर्यंत क्वचितच आला होता. तमिळ बंडखोर संघटना एलटीटीईऐवजी 'एलटीएफ' आणि तिचा नेता प्रभाकरनऐवजी 'अण्णा भास्करन' अशी नावे घेतली, तरी रोख लपत नाही. तमिळ संघटनांचा विरोध झाला आणि तमिळनाडूतील चित्रपटगृहांनी तो लावला नाही.

या इतिहासात पुण्याचा वाटा मोठा आहे. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर गेलेल्या शांतिसेनेची सूत्रे पुण्यातील दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे होती. ऑक्टोबरपासून जाफन्यात घनघोर लढाई झाली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० भारतीय सैनिक कामी आले होते. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ रोजी, श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली.

चित्रपटाचा नायक गुप्तहेर विक्रम (जॉन अब्राहम) आहे. लंडनहून आलेली युद्धवार्ताहर जया (नर्गिस फाखरी) त्याला जाफन्यात भेटते. ती इंग्रजीत विचारते, तो हिंदीत उत्तरतो. त्या काळी प्रभाकरनची मुलाखत घेणाऱ्या पत्रकार अनिता प्रताप यांची आठवण तिच्यामुळे होते. मात्र अशी पत्रकार दोन्ही बाजू ऐकते, सामान्यांचे हाल नोंदवते आणि त्यासाठी जीव धोक्यात घालते, हे पटकथेत पुरेसे उतरत नाही. जयाचे काम मुख्यतः नायकाला दुवे पुरवण्यापुरते राहते, आणि हीच चित्रपटाची खरी उणीव आहे. ध्वनी मात्र अव्वल: ध्वनिलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्यांत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी बिश्वदीप चॅटर्जी होते.

जॉन अब्राहमनेच कबीर खान यांच्या 'काबूल एक्सप्रेस'मध्ये (२००६) पत्रकार रंगवला होता. तिथे पत्रकार केंद्रस्थानी आहेत, पण भूमी अफगाणिस्तानची. युद्धवार्ताहर मेरी कॉल्विन यांनी २००१ मध्ये श्रीलंकेत एक डोळा गमावला. तो प्रसंग 'अ प्रायव्हेट वॉर'मध्ये (२०१८) आहे, परंतु कथा लगेच पुढच्या युद्धांकडे वळते. ज्या युद्धात भारताने एवढे सैनिक गमावले, ते पत्रकाराच्या नजरेतून सांगणारा चित्रपट आता भारतीय दिग्दर्शकांनी करायला हवा.