परराष्ट्र खात्यातून अध्यापकाच्या खुर्चीवर : ई. एच. कार

एडवर्ड हॅलेट कार यांचा जन्म 1892 मध्ये लंडनमध्ये झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी ग्रीक आणि लॅटिनचे शिक्षण घेतले आणि पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, 1916 मध्ये, ते ब्रिटिश परराष्ट्र खात्यात दाखल झाले. शत्रूची आर्थिक कोंडी करणे हे तेव्हा त्या खात्याचे एक मोठे काम होते. 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेला ब्रिटिश शिष्टमंडळातून तेही गेले. जर्मनीवर लादल्या गेलेल्या अटी त्यांनी अगदी जवळून पाहिल्या. या अटी अन्यायाच्या आहेत, हे त्यांचे मत पुढे कायम राहिले.

1925 मध्ये त्यांची नेमणूक लॅटव्हियाची राजधानी रीगा येथील वकिलातीत झाली. तिथे काम थोडे आणि वेळ भरपूर. त्या मोकळ्या वेळात कार यांनी रशियन भाषा पक्की केली आणि एकोणिसाव्या शतकातले रशियन लेखक वाचून काढले. युरोपच्या उदारमतवादी जगाकडे बाहेरून, जवळजवळ परक्याच्या नजरेने पाहणारे हे लेखक होते. ती नजर कार यांना मिळाली ती बहुधा इथेच. नोकरी सांभाळूनच त्यांनी 1931 मध्ये दस्तयेव्हस्कीचे आणि 1934 मध्ये मार्क्सचे चरित्र लिहिले. लंडनला परतल्यावर त्यांच्याकडे राष्ट्रसंघाशी (लीग ऑफ नेशन्स) संबंधित काम आले. मोठ्या राष्ट्रांची मर्जी नसेल तर ठराव कागदावरच कसे राहतात, हे त्यांनी तिथे रोजच्या फायलींमधून पाहिले.

1936 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापकपद स्वीकारले. हे अध्यासन 1919 मध्ये वेल्समधले धनिक राजकारणी डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या बहिणींच्या देणगीतून सुरू झाले होते. या विषयाचे ते जगातले पहिलेच अध्यासन. युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांचे ते स्मारक होते, आणि नाव होते राष्ट्रसंघाचे प्रणेते, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. या खुर्चीवरून राष्ट्रसंघाच्या विचाराचा प्रसार व्हावा, अशी डेव्हिस यांची अपेक्षा. कार यांच्या निवडीला त्यांचा विरोध होता, आणि देणगीदाराच्या बाजूने पाहिले तर तो रास्तच म्हणायला हवा.

कारण 1939 मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, कार यांचे ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हे पुस्तक बाहेर पडले. सर्व राष्ट्रांचे हित शेवटी एकच असते, शांतता सगळ्यांनाच सारखी हवी असते, या गृहीतकावर त्यांनी त्यात घाव घातला. आहे ती व्यवस्था ज्यांच्या सोयीची असते, त्यांना शांतता हवी असते. ज्यांना काहीच मिळालेले नसते, त्यांना बदल हवा असतो. बलवानांनी आपला स्वार्थ जगाची नीती म्हणून मांडावा यात कार यांना नवल वाटत नव्हते. मात्र निव्वळ सत्तेवर राजकारण उभे राहू शकत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. कार यांना सरसकट ‘वास्तववादी’ म्हणणारे हा भाग बहुतेक वेळा गाळतात.

पुस्तकाची दुसरी बाजू अडचणीची आहे. चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या 1938 च्या म्युनिक कराराची बोलणी म्हणजे मोठा प्रश्न शांततेने सोडवण्याचा अलीकडचा सर्वांत जवळचा प्रयत्न, असे कार यांनी पहिल्या आवृत्तीत लिहिले होते. 1946 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य नाही. सत्तेचे वजन अचूक ओळखणारा माणूस तिच्यापुढे झुकण्यालाच शहाणपण समजू लागतो, हा धोका इथे उघड दिसतो. फायलींवर टिपणे लिहिण्यात गेलेल्या वीस वर्षांची ही सवय असावी.

युद्धकाळात प्राध्यापकपद न सोडता ते लंडनच्या ‘टाइम्स’चे साहाय्यक संपादक झाले. सोव्हिएत संघाशी मैत्री आणि युद्धानंतर सामाजिक सुधारणा, हे त्यांच्या अग्रलेखांचे ठरलेले सूत्र. 1944 च्या अखेरीस ब्रिटिश सैन्य ग्रीसमध्ये डाव्या बंडखोरांशी लढू लागले तेव्हा ‘टाइम्स’ने सरकारवर टीका केली, आणि पंतप्रधान चर्चिल चांगलेच भडकले. 1947 मध्ये कार यांनी अ‍ॅबरिस्टविथ सोडले. काही काळ त्यांच्याकडे कायमची नोकरी नव्हती. नंतर ते ऑक्सफर्डला आणि 1955 पासून केंब्रिजच्या ट्रिनिटीत राहिले. 1961 मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांतून ‘व्हॉट इज हिस्टरी?’ तयार झाले. सामान्य वाचकांना कार हे नाव माहीत असते ते मुख्यतः या छोट्या पुस्तकामुळे.

त्यांचे खरे आयुष्यभराचे काम मात्र सोव्हिएत रशियाचा इतिहास. 1950 ते 1978 या काळात त्याचे चौदा खंड निघाले, आणि तेही फक्त 1929 पर्यंत पोचतात. धोरणे कशी ठरली, समित्यांत काय झाले, अन्नधान्याचा प्रश्न कसा हाताळला गेला, याचे इतके बारीक वर्णन त्यापूर्वी कुणी केले नव्हते. त्यात सरकार दिसते, चिरडले गेलेले लोक फारसे दिसत नाहीत. कार इतिहास जिंकणाऱ्यांच्या नजरेने पाहतात, हा विचारवंत आयझाया बर्लिन यांचा आक्षेप होता, आणि कार यांच्याकडे त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. नव्वदीतही त्यांचे लिहिणे थांबले नव्हते. 1982 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.