मुखत्यारपत्र : दोह्यात लिहिलेले, कोकणात वापरावयाचे

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपल्यातील काही तरुण मुलेमुली वकिलांच्या कचेऱ्यांत सहायक म्हणून काम करतात. परदेशी राहणाऱ्या माणसाचे मुखत्यारपत्र कसे तयार करावे, याविषयी मी बोलावे असा त्यांचा आग्रह होता. मी परिचारिका आहे, वकील नव्हे. परंतु दोह्याच्या रुग्णालयातील नोकरीच्या काळात रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी माणसे असे कागद घेऊन माझ्याकडे वाचून घेण्यास येत. ते कागद कोठे अडतात हे मी पाहिले आहे. कायद्याचा अर्थ सांगणे हे वकिलाचे काम; सहायकाचे काम कागद निर्दोष करून वकिलापुढे ठेवण्याचे. मी त्या दुसऱ्या कामाविषयी बोलणार आहे.

पहिला प्रश्न असा, की हा कागद वापरावयाचा कोठे? कतारमधील बँक, मोटार किंवा कचेरी यांसाठी असेल तर तो अरबीत, तेथील न्याय मंत्रालयाच्या पद्धतीने व्हावा लागतो. भारतातील जमीन-घरासाठी असेल तर दोह्यातील भारतीय दूतावासाकडे जावे लागते. एकच कागद दोन्हीकडे चालेल अशा आशेने माणसे पैसे व दिवस घालवतात.

भारतात वापरावयाच्या कागदास आधार 1882 च्या मुखत्यारपत्र अधिनियमाचा, तसेच 1908 च्या नोंदणी अधिनियमातील कलम 33 चा आहे. लिहून देणारा परदेशी राहत असेल, तर मुखत्यारपत्र त्याने भारतीय वाणिज्य अधिकाऱ्यासमोर, अथवा नोटरी, न्यायालय वा न्यायाधीश यांच्यासमोर करून साक्षांकित करून घ्यावे असे ते कलम सांगते. ‘समोर’ हा त्यातील महत्त्वाचा शब्द. घरून सही करून आणलेला कागद घेऊन दूतावासाच्या रांगेत उभी असलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून मसुद्यातील सहीची जागा कोरी ठेवावी, आणि अशिलाला ती कोरीच न्यावयाची आहे हे बजावून सांगावे. सोबत मूळ पारपत्र व कतारचे ओळखपत्र घ्यावे, आणि किती साक्षीदार न्यावयाचे ते दूतावासाकडून आधीच विचारून घ्यावे.

आता नावाविषयी. आपल्या समाजाला हा विषय फार लागतो. पारपत्रावर सॅम्युएल; सातबाऱ्यावर आजोबा सामाजी. एझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी, अब्राहमचा आबाजी झालेला. त्यावर गावावरून पडलेले आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले. दुय्यम निबंधकापुढे बसलेल्या कारकुनास आपल्या नावांचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला एक नाव दुसऱ्याशी जुळत नाही एवढेच दिसते. तेव्हा मसुद्यातच ‘सॅम्युएल ऊर्फ सामाजी’ असे लिहावे, पारपत्रातील अक्षरे जशीच्या तशी उतरवावी, आणि वारसाची साखळी दाखविणारा फेरफार उतारा सोबत जोडावा. रुग्णाची ओळख पटविताना आम्ही केवळ नावावर कधी विसंबत नसू; नाव आणि दुसरी एक खूण, अशा दोन गोष्टी जुळल्यावाचून सुई टोचत नसू. येथेही तेच करावे: नाव आणि पारपत्र क्रमांक.

मिळकतीचे वर्णन आठवणीतून कधीही लिहू नये. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा हे सर्व ताज्या सातबाऱ्यावरून किंवा मिळकतपत्रिकेवरून घ्यावे. ‘माझी सर्व मालमत्ता’ हे शब्द सोयीचे वाटतात खरे, पण कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांत निवड करावयाची झाली तर मी नेहमी खास मुखत्यारपत्रच सुचवीन. भाडे वसूल करावयाचे असेल तर तेवढेच लिहावे. विक्रीचा अधिकार द्यावयाचा असेल तर तो स्पष्ट शब्दांत द्यावा, आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हावयाचे तेही लिहावे. भावाला ‘सर्व व्यवहार पाहावेत’ म्हणून दिलेल्या कागदावर वडिलोपार्जित घर विकले गेल्याचे मी दोह्यात एकाहून अधिक वेळा ऐकले. परदेशातील माणसाला ही बातमी सर्वांत शेवटी कळते.

शिवाय मुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे. 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर ‘घेतलेल्या’ माणसाला मालकी मिळत नाही.

कागद भारतात पोचल्यावरही काम संपत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 याच्या कलम 18 प्रमाणे परदेशात झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, तर आगमनापासून मोजतात. म्हणून टपालाचे पाकीट व पोच जपून ठेवावी. जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याविना दिलेल्या अधिकारावर शुल्क थोडे असते. परक्या माणसाला स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार दिला तर ते खरेदीखताइतके होऊ शकते. हा भेद मसुदा लिहिण्यापूर्वीच अशिलाच्या कानावर घालावा.

खाडाखोडीविषयी आमच्या रुग्णनोंदींचा नियम सांगते. चुकीच्या शब्दावर एकच रेघ ओढावी, खालचा शब्द वाचता यावा, शेजारी सही व तारीख असावी. पांढरा रंग फासू नये. दस्तात तर खाडाखोड झालीच तर ते पान नव्याने टंकून घेणे बरे, कारण दूतावासाचा शिक्का पडल्यानंतर काहीही बदलता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी राहिले ती सांगते. आमच्या विभागात चिपळूणकडचा एक वाहनचालक मेंदूतील रक्तस्रावाने दाखल झाला. गावी घराचे कर्ज होते, खाते त्याच्या एकट्याच्या नावावर. तिसऱ्या दिवशी एक टंकलेखन करणारा गृहस्थ तयार कागद व शाईची पेटी घेऊन खाटेपाशी आला; आंगठा उठविला की पत्नीची अडचण दूर होईल असे त्याचे म्हणणे. हेतू वाईट नव्हता. मी त्याला हात लावू दिला नाही. ज्याला स्वतःचे नाव विचारले तरी कळत नाही, त्याचा आंगठा म्हणजे संमती नव्हे, आणि तसा कागद पुढे त्या पत्नीच्याच अंगाशी आला असता. तिला अखेर भारतात न्यायालयाकडे जावे लागले. त्यात फार काळ गेला.

पुष्कळांचा समज असा, की त्याने आधीच मुखत्यारपत्र केले असते तर प्रश्न सुटला असता. तसेही नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 201 प्रमाणे लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची समज गेली, की मुखत्याराचा अधिकारही सामान्यतः संपतो. म्हणजे ज्या दिवशी कागदाची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी तो निकामी. म्हणून मुखत्यारपत्र करण्यास आलेल्या अशिलाला संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांविषयी वकिलाशी बोलण्याची आठवण करावी. उपचार थांबविण्यासंबंधीची इच्छा तर निराळ्याच कागदात लिहावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यास मान्यता दिली व जानेवारी 2023 मध्ये पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी एवढे आता पुरते.

वृद्ध किंवा आजारी माणसाचा कागद असेल तर आणखी एक करावे. शस्त्रक्रियेच्या संमतीपूर्वी आम्ही ‘समजले ना?’ असे विचारत नसू, कारण त्याला सारेच ‘हो’ म्हणतात. ‘तुम्ही काय करून घेणार आहात ते मला सांगा’ असे म्हणत असू. मसुदा त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, ज्याला अधिकार मिळणार तो माणूस त्या वेळी खोलीबाहेर असावा, आणि त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावे. शंका वाटल्यास त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

अधिकार काढून घ्यावयाचा असेल तर नुसता कागद फाडून भागत नाही. मुखत्याराला तसेच बँक, गृहनिर्माण संस्था व इतर संबंधितांना कळेपर्यंत त्यांच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. म्हणून मूळ मुखत्यारपत्र ज्यांना ज्यांना दाखविले त्यांची यादी सहायकाने पहिल्या दिवसापासून दप्तरी ठेवावी, आणि रद्दपत्र त्या प्रत्येकाला पोच घेऊन पाठवावे.