नाथसागराच्या तारखा

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात कुणालाही विचारा, नाथसागर किती टक्के भरला हे तोंडपाठ असतं. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय; शहराचा नळच त्याला जोडलेला. पण पैठण ही दोन राज्यांच्या वाटणीतली एक रेघही आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी गोदावरीबद्दल करार केला. गोदेवर पैठण आणि पूर्णेवर सिद्धेश्वर, इथपर्यंतचं सगळं पाणी आपलं. तिथून खाली आंध्रच्या पोचमपाड धरणापर्यंत आपल्याला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी (अब्ज घनफूट), उरलेलं आंध्रचं. गोदावरीच्या पाणीतंट्यासाठीच्या बच्छावत लवादाने १९८०च्या अंतिम निवाड्यात हा करार तसाच घेतला. आकडे ठरले, पाणी कधी अडवायचं, हे मात्र ठरायचं राहून गेलं.

ते उमगलं बाभळीला. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळच्या या बंधाऱ्यात मावतं जेमतेम २.७४ टीएमसी; जायकवाडीच्या १०२ टीएमसीपुढे घोटभर. तरीही २०१० मध्ये आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू बंधाऱ्याला विरोध करत आमदारांना घेऊन धर्माबादेत आले आणि त्यांना अटक झाली. खरी गोम अशी, की पोचमपाडचा फुगवटा महाराष्ट्रात शिरतो आणि बंधारा नेमका त्याच फुगवट्यात उभा आहे. २८ फेब्रुवारी २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने बंधारा राखला, पण त्याला पंचांग लावून दिलं: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं, देखरेखीला त्रिसदस्यीय समिती.

मला ही युक्ती पटते. टीएमसी मोजायला अभियंता लागतो, दरवाजा उघडा आहे का हे गुराख्यालाही दिसतं. पण २८ ऑक्टोबरला दरवाजे पडतात तोवर पाऊस परतलेला असतो, हे धर्माबादच्या शेतकऱ्याचं दुखणंही खोटं नाही.

आणि पैठणच्या वरचं? ते ‘सगळं आपलं’. पण आपल्यातलं कुणाचं? शेजाऱ्याशी वाटणी १९७५ला झाली, घरातली व्हायला २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, पाणीवाटपावरची मेंढेगिरी समिती आणि त्या प्राधिकरणाचा २०१४चा आदेश लागला. तिथेही शेवटी तारीखच: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले, आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला.