सुकलेल्या शेवाळात कोण झोपलंय?

पोरांनो, वैशाखात जव्हारच्या माळावर फिरताना दगडी बांधाकडे कधी नीट बघितलंय? पावसाळ्यात ज्या दगडांवर हिरवंगार शेवाळ असतं, तिथे मे महिन्यात काळपट, खरखरीत खपली उरते. नखाने टोकरली की चुरा होऊन खाली पडते. विहिरींनी तळ गाठलेला, मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हातान्हात चालताहेत, आणि अशा दिवसांत त्या खपलीत प्राणी आहेत असं मी म्हटलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. पण आहेत. चिमूटभर चुऱ्यात आठ पायांचे, पायांना नखं असलेले, अंडी घालणारे प्राणी आहेत. त्यांचीच गोष्ट सांगतोय. मात्र ही नुसती ऐकायची गोष्ट नव्हे, बघायची आहे. म्हणून आधी आपण डोळा घडवायचा.

असा डोळा घडवणारा एक माणूस हॉलंडातल्या डेल्फ्ट गावात होऊन गेला. आंतोनी व्हान लेव्हेनहूक त्याचं नाव, जन्म 1632 चा. कापडाचा दुकानदार. विद्यापीठात गेला नाही, लॅटिन शिकला नाही. त्याचा सूक्ष्मदर्शक दिसायला अगदीच साधा: पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या, मध्ये दाण्याएवढं भिंग, आणि पलीकडे जे बघायचं ते टोचायला स्क्रूवर फिरणारी सुई. सगळं मिळून मुठीत मावेल एवढं. पट्टी डोळ्याला जवळजवळ चिकटवायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. त्याच्या अशा यंत्रांपैकी जे आज उट्रेख्टमध्ये जपून ठेवलंय, ते वस्तू सुमारे 270 पट मोठी दाखवतं.

1676 साली त्याच्या मनात आलं, मिरी तिखट का लागते? मिरीच्या कणांना काही टोकं-बिकं असतील, ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा होरा. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही आठवड्यांनी एक थेंब भिंगाखाली घेतला. टोकं काही दिसली नाहीत. दिसले ते इतके लहान जीव की त्याआधी कुणाच्या दृष्टीस ते पडलेच नव्हते. जिवाणू माणसाने पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा, त्या मिरीच्या पाण्यात. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. तिथल्या विद्वानांना ते खरं वाटेना. मग त्यांच्यापैकीच रॉबर्ट हूकने 1677 मध्ये स्वतः मिरीचं पाणी करून बघितलं, आणि दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं. मला ही गोष्ट फार आवडते. शंका घ्यायची तर अशी घ्यावी, स्वतः मिरी भिजवून.

लेव्हेनहूकने सगळं सांगितलं, पण आपलं सर्वांत चांगलं भिंग कसं करतो ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लोक साडेतीनशे वर्षं तर्क लढवत राहिले. शेवटी 2021 मध्ये हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी ते उट्रेख्टचं यंत्र न उघडता, न्यूट्रॉनचा झोत टाकून, आतलं भिंग पाहिलं. ते निघालं वितळलेल्या काचेचा मणी! आणि तो मणी करायची कृती हूकने 1665 मध्येच आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकली होती.

ती कृती आपल्याला जमते. जुन्या काचेच्या ड्रॉपरची नळी घ्या. शाळेतला स्पिरिटचा दिवा घ्या. मेणबत्ती नको, तिची काजळी काचेत बसते. आणि हे काम मोठ्या माणसाने डोळ्यांना चष्मा लावून करायचं, तुम्ही शेजारी बसून बघायचं. नळी ज्योतीत फिरवत राहायची. काच लालसर होते, मऊ पडते. मग ज्योतीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी झपकन ओढायची. केसासारखी बारीक काचेची तार निघते. तार मोडायची, आणि तिचं टोक परत हलकेच ज्योतीच्या कडेला धरायचं.

आता बघा हं. तारेचं टोक आपोआप गोळा होऊ लागतं. कुणी वळत नाही, कुणी घासत नाही. वितळलेली काच आपला पृष्ठभाग होईल तितका कमी करू बघते. सर्वांत कमी पृष्ठभागाचा आकार गोल, म्हणून ती गोल होते. याला पृष्ठताण म्हणतात. माणसाने दगडावर घासून आणावी त्याहून सरस झिलई काचेला ज्योतीतच मिळते. मणी हवा तेवढा झाला की बाहेर काढायचा, थंड होऊ द्यायचा, आणि तारेची शेपटी थोडी ठेवून मोडायची, म्हणजे धरायला बरं. आत बुडबुडा राहिला असेल तर तो मणी बाजूला टाका, दुसरा करा.

मणी जितका लहान तितकी त्याची गोलाई जास्त तीव्र, आणि तितकं तो मोठं दाखवतो. साध्या काचेचा 3 मिलीमीटरचा मणी सुमारे 110 पट मोठं दाखवतो, 2 मिलीमीटरचा सुमारे 165 पट. पण लहान मणी हट्टी असतो. 2 मिलीमीटरच्या मण्यापासून वस्तू जेमतेम अर्धा मिलीमीटर अंतरावर लागते, आणि दिसतो तोही इवलासा गोल. म्हणून आधी 3 मिलीमीटरचाच घ्या.

ज्योतीचा खटाटोप जमण्यासारखा नसेल तरी अडत नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या रात्री गाडीच्या उजेडात चमकतात ना? त्या रंगात काचेचे बारीक मणी घातलेले असतात. पट्टे मारायचं काम झालं की कडेला ते सांडलेले दिसतात. रस्ता मात्र खरवडायचा नाही. तेही नको असेल तर पत्र्याला दाभणाने भोक पाडून त्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. इंग्लंडच्या स्टीफन ग्रेने 1696 मध्ये असाच पाण्याचा सूक्ष्मदर्शक केला होता. आणि मीरतचा एक मुलगा, मनु प्रकाश, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला. त्याने 2014 मध्ये सहकाऱ्यांबरोबर कागदाला घड्या घालून होणारा फोल्डस्कोप जगापुढे ठेवला, त्यातही काचेचा मणीच आहे. पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवायचं काम वर्षानुवर्षं केलं, तेही याच वाटेचे. महाग यंत्र आल्यावरच विज्ञान सुरू होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कात्रीने जपून कापा, कडा बोटं चिरतात. त्याला मण्यापेक्षा किंचित लहान भोक पाडा, मणी त्यात बसवा, वरून तसंच भोक पाडलेली दुसरी पट्टी लावून चिकटपट्टीने बांधा. झाला सूक्ष्मदर्शक. बघायची वस्तू ठेवलेली काचपट्टी मण्याच्या जवळ किंवा लांब न्यायला दोघांच्या मध्ये कागदाची घडी सरकवायची. दारात बसून मोकळ्या आभाळाकडे धरा. सूर्याकडे कधीही धरायचं नाही, डोळा कायमचा जाईल.

पहिल्याच दिवशी शेवाळावर उडी मारू नका. आधी हात बसवा. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा सोला, पाण्याच्या थेंबात पसरा, औषधाच्या दुकानातलं आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा थेंब सोडा. पेशींच्या भिंती दिसतात, प्रत्येकीत पिवळसर ठिपका दिसतो, ते तिचं केंद्रक. मग घरातलं नागलीचं पीठ चिमूटभर घ्या आणि त्यालाही आयोडीन लावा. पिष्टाचे कण निळेकाळे होतात. ज्या भाकरीवर आपण वाढलो तिचं पीठ असं कणाकणाने बघताना मला अजून भरून येतं. थेंबावर पातळ प्लास्टिकचं झाकण ठेवताना आधी एक कड टेकवायची, मग हळूहळू खाली सोडायचं. एकदम टाकलं तर हवा अडकते, आणि जाड काळ्या कडेचे गोल गोल दिसतात. नवी पोरं त्यांनाच प्राणी समजून ओरडतात. ते बुडबुडे असतात. प्राणी हलतो, वाट बदलतो.

आता घ्या ती खपली. आंब्याच्या सालीवरची चालेल, देवबांधच्या किंवा सूर्यमाळच्या वाटेवरच्या दगडावरची चालेल. नखाएवढी पुरे, उगाच अख्खा दगड सोलू नका. वाटीत ठेवा, विहिरीचं पाणी घाला. क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी नको. रात्रभर राहू द्या. सकाळी खपली हिरवी झालेली असेल, ते पहिलं आश्चर्य. मग ती बशीत पिळा, गाळ खाली बसू द्या, आणि तळाचा एक थेंब पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर घ्या. त्यात कापसाचे दोन-तीन तंतू टाका. त्यामुळे झाकणाखाली प्राणी चिरडत नाहीत, आणि तंतूंत अडखळून जरा हळू चालतात. झाकण मात्र अगदी पातळ प्लास्टिकचं हवं, जाड झाकणातून मणी पोचतच नाही.

बहुधा आधी भेटेल चक्रधारी, म्हणजे रोटिफर. लांबट, काचेसारखं आरपार अंग. शेपटाचं टोक चिकटवायचं, अंग ताणायचं, डोकं टेकवायचं, शेपूट ओढून घ्यायचं, अशी त्याची चाल. मग एका जागी थांबतो आणि डोक्यातून केसांची दोन वलयं बाहेर काढतो. केस एकामागोमाग एक असे हलतात की दोन चाकं गरगर फिरताहेत असा भास होतो. त्या भोवऱ्यात पाण्यातलं बारीकसारीक अन्न ओढलं जातं. घशात बघा, जबडा कांडतोय तो दिसतो, सारखा चालू. शेवाळात राहणाऱ्या या चक्रधाऱ्यांत नर कुणालाच कधी सापडलेला नाही. साऱ्या माद्या. आई, मुलगी, नात, पणती, लाखो वर्षं असंच चाललंय.

धीर धरून बघत राहिलात तर भेटेल दुसरा. ठेंगणा, गुबगुबीत, अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान. पायांच्या चार जोड्या, प्रत्येक पायाला नखं. शेवाळाचं पान धरून तो इतका सावकाश, इतका डुलत चढतो की बघणाऱ्याला हसू फुटतं. 1773 मध्ये गोएत्से नावाच्या जर्मन पाद्रीबुवांनी याला पाहिलं आणि पाणअस्वल म्हटलं. शास्त्रातलं नाव टार्डिग्रेड.

मग हे उन्हाळ्यात गेले कुठे होते? कुठेच नाही, तिथेच होते. शेवाळ सुकायला लागलं की पाणअस्वल आठही पाय आत ओढून घेतं, अंगाचा गठ्ठा करतं आणि अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देतं. घाईने सुकलं तर मरतं, सावकाश सुकलं तर टिकतं. शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून ते घर त्याला मानवतं. पेशींतलं पाणी गेलं की आतले नाजूक भाग एकमेकांना चिकटून मोडायचे. पण पाणअस्वलाकडे खास प्रथिनं असतात. ती पाण्याच्या जागी घट्ट होतात आणि सगळं जिथल्या तिथे धरून ठेवतात. खाणं बंद, श्वास जवळपास बंद, वाढ बंद. पाणी आलं की काही मिनिटांत, काही तासांत, पाय बाहेर.

जीव असा सुकून पुन्हा उठतो हेही पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या डेल्फ्टच्या दुकानदारानेच. 1702 मध्ये, सत्तरीला आलेला असताना, त्याने घराच्या छपरावरच्या पन्हळीतली कोरडी धूळ काचेच्या नळीत घातली, वर उकळून निववलेलं पाणी ओतलं. पाणी उकळलेलं का? म्हणजे जीव पाण्यातून आले असं कुणी म्हणू नये. तासाभरात चक्रधारी पोहायला लागले. सत्तर वर्षांच्या माणसाला पन्हळीतली धूळ बघावीशी वाटते, याचं मला त्या प्राण्यांइतकंच कौतुक आहे.

“पण आजोबा, किती दिवस झोपतात ते?” अंटार्क्टिकावरचं शेवाळ तीस वर्षं गोठवून ठेवलं होतं. 2016 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सांगितलं की त्यातली पाणअस्वलं उठली आणि त्यांनी अंडीही घातली. सायबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतले चक्रधारी तर सुमारे 24,000 वर्षांनी उठले, ते 2021 मध्ये जाहीर झालं. 2007 मध्ये युरोपच्या शास्त्रज्ञांनी सुकलेली पाणअस्वलं यानातून अंतराळात नेली, हवा नसलेल्या पोकळीत उघडी ठेवली, आणि परत आणून पाणी दिलं. त्यांतली कितीतरी चालू लागली.

आता आवणीचे दिवस आले की शेवाळ रोज ओलं सापडेल, तेव्हा मण्याखाली आणखी एक बघा. दाभोसाच्या धबधब्याकडे उतरताना ओल्या कड्यांवर नेचे उगवतात. पिकलेल्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात पुष्कळ बीजाणूंच्या थैल्या, आणि प्रत्येक थैलीच्या पाठीवरून गेलेली डझनभर जाड पेशींची कमान. पान मण्याखाली धरा आणि थांबा. हवेने पेशींतलं पाणी उडू लागतं, कमान मागे मागे वाकते, थैली फाटून उघडते. पाणी ताणलं जातं, ताणलं जातं, आणि एका क्षणी पेशीत बुडबुडा उठतो. कमान फटकन पुढे येते आणि बीजाणू भिरकावले जातात. नागली राखताना पोरं गोफण फिरवतात ना, अगदी तसे. पान ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणा, नाहीतर वाटेतच साऱ्या गोफणी सुटून जातात. आणि बघायला बसलात की शेजारी दिवा ठेवा. त्याच्या उबेने पाणी लवकर उडतं, फार ताटकळावं लागत नाही.