यंत्राला अंगठा देण्यापूर्वी

पूर्वी ज्याला लिहिता येत नसे, तो कागदावर अंगठा उठवी. सावकार कागद पुढे करी. त्यात काय लिहिले आहे ते अंगठा देणाऱ्याला कळत नसे. पन्नासाचे पाचशे केले तरी पत्ता लागत नसे. म्हणून तर आपण अक्षरे गिरवली आणि सही शिकलो.

आता पहा, गंमत कशी आहे! ज्याला सही येते, त्यालाही रेशन दुकानात अंगठा द्यावा लागतो. गावातल्या बँकमित्राकडून पैसे काढायचे, तरी अंगठाच. शाईची डबी गेली आणि काचेचे यंत्र आले. मग आपले शिकणे वाया गेले काय? मुळीच नाही. उलट वाचण्याची गरज वाढली. ती कशी, ते पाहू.

हे आले कुठून?

देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात दिले गेले. शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते. गावातल्या रंजना सोनवणे यांना पहिला आधार क्रमांक मिळाला. हा क्रमांक १२ आकड्यांचा असतो. गरिबाला ओळख मिळेल आणि त्याचा हक्क मधला कोणी खाणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले.

यातले काही खरे झाले. एका माणसाच्या नावावर दुसऱ्याने धान्य उचलणे अवघड झाले. पण सगळी चोरी थांबली, असे मात्र समजू नका.

यंत्राला काय कळते?

तुम्ही काचेवर बोट ठेवता. यंत्र बोटावरच्या रेघांचे चित्र घेते. ते चित्र आणि तुमचा आधार क्रमांक फोनच्या तारेविना दूरच्या मोठ्या संगणकाकडे जातो. तिथे तुमचे जुने ठसे ठेवलेले असतात. दोन्ही ताडून पाहिले जातात. मग उत्तर येते, ‘हो’ किंवा ‘नाही’.

यंत्राचे काम एवढेच. माणूस तोच आहे का, एवढे ते सांगते. त्याला किती धान्य मिळाले, हे अंगठ्यावरून कळत नाही.

समजा, तुमच्या घरात ५ माणसे आहेत आणि तुमचे कार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य तुमचे. अंत्योदय कार्ड असेल, तर माणसे कितीही असोत, घराला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. आता अंगठा लागला. यंत्रात २५ किलो लिहिले गेले. पण पोत्यात २२ किलोच पडले तर? जिथे तराजू यंत्राला जोडलेला नाही, तिथे यंत्राला याची खबरही नसते. कागदावर मात्र तुम्ही २५ किलो नेले, असेच दिसते. म्हणजे ३ किलो गेले, आणि वर तुमच्याच अंगठ्याची साक्ष!

म्हणून यंत्रातून पावती निघते, ती मागून घ्या. तिच्यावरचा आकडा वाचा. मग तराजूचा आकडा वाचा. दोन्ही जुळले, तरच पोते उचला.

अंगठा लागत नाही तेव्हा

ऊस तोडणाऱ्याच्या, मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेघा झिजतात. म्हातारपणीही त्या पुसट होतात. शिवाय सातपुड्याच्या डोंगरात सगळ्या पाड्यांना रेंज नाही. रेंज नसेल, तर चांगल्या अंगठ्यालाही उत्तर येत नाही. दोष यंत्राचा, पण उपाशी राहायचे माणसाने! हे कसे चालेल?

समजा, एक आजी दुकानात आली.

“आजी, मशीन नाही म्हणतंय. पुढच्या महिन्यात या.”

“भाऊ, मशीन नाही म्हणतंय, पण मी तर समोर उभी आहे ना! डोळे तपासून बघ, नाहीतर फोनवर नंबर मागव. तेही जमलं नाही, तर वहीत माझं नाव लिही अन् धान्य दे.”

आजीचे बरोबर आहे. अंगठा जुळला नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना लिहून कळवले आहे. तरी कोणी परत पाठवले, तर तहसील कचेरीत पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. अंगठा नेहमीच लागत नसेल, तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या.

पैशाचा अंगठा

रेशनपेक्षा पैशाच्या अंगठ्याला अधिक जपावे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. सहीही लागत नाही. तेव्हा हे ध्यानात ठेवा:

१. अंगठा देण्याआधी विचारा, “हा कशासाठी? रक्कम किती?” यंत्रावरचा आकडा स्वतः वाचा.

२. “लागला नाही, पुन्हा ठेवा,” असे कोणी म्हटले, तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. एकदा पैसे निघाले असतील, तर दुसऱ्या अंगठ्याने पुन्हा निघतील.

३. “शिलकीच बघतो,” असे म्हणून कोणी पैसे काढले नाहीत ना, ते पावतीवर पाहा.

४. घरी येऊन “योजना आली आहे, अंगठा द्या,” म्हणणाऱ्याला अंगठा देऊ नका.

५. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. बँक तो कधी विचारत नाही.

६. पैसे गेले असे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेत जा. उशीर करू नका. आधारची अडचण असेल, तर १९४७ वर विचारा.

ठशांना कुलूपही लावता येते. आधार केंद्रात किंवा आधारच्या मोबाईल ॲपवर ती सोय आहे. पण कुलूप असेपर्यंत रेशनलाही अंगठा चालत नाही. तेव्हा ते उघडायचे कसे, हे आधी शिकून घ्या.

यंत्र वाईट नाही. पण ते बोलते ती भाषा आकड्यांची आहे, आणि आकडे तुम्हाला आता वाचता येतात. या महिन्याची रेशनची पावती जपून ठेवा. शेजारच्या ज्या माय-बापाला वाचता येत नाही, त्यांचीही पावती मोठ्याने वाचून दाखवा.