ई-मेल परत येतो तेव्हा...

टेंभुर्णी - पुणे-सोलापूर महामार्गावरील येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणाहून कारखानदाराचे दरपत्रक पुण्या-मुंबईच्या ग्राहकाकडे ई-मेलने जाते. मुदतीच्या दिवशी तेच इंग्रजी मजकुरासह परत आले, की पहिला दोष इंटरनेटच्या जोडणीला दिला जातो. वास्तविक समोरच्या सर्व्हरचा नकार हाती पडला, याचाच अर्थ जोडणी सुरू होती. नकाराचे कारणही बहुधा त्या मजकुरातच असते. मात्र तो न वाचता पुसून टाकण्याची सवय नडते.

ई-मेलची ने-आण ज्या 'एसएमटीपी' नियमांनी होते, ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक असतो. तो ४ ने सुरू झाल्यास अडचण तात्पुरती असते व सर्व्हर सहसा चार-पाच दिवस स्वतःच प्रयत्न करीत राहतो. ५ ने सुरू झाल्यास नकार कायमचा. तोच मेल दहा वेळा पाठवून उपयोग नाही. सोबत ५.१.१ असल्यास पत्ता चुकलेला असतो, ५.२.२ असल्यास समोरची पेटी भरलेली.

५.७ ने सुरू होणारा क्रमांक मात्र अनेकदा आपल्याच कार्यालयाकडे बोट दाखवतो. इंटरनेट कंपनी बदलली, की सर्व्हरचा आयपी क्रमांक बदलतो. परंतु आपल्या डोमेनच्या वतीने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो हे सांगणारी 'एसपीएफ' नोंद जुनीच राहते. मग समोरच्याला आपला मेल तोतयाचा वाटतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही नोंद किंवा 'डीकेआयएम' ही डिजिटल स्वाक्षरी सर्वच प्रेषकांना आवश्यक केली आहे. घाईत जुन्या नोंदीशेजारी दुसरी एसपीएफ नोंद टाकली जाते, तेव्हा दोन्ही निकामी ठरतात. एका डोमेनला एकच नोंद चालते. ती बदलण्याचा पासवर्ड, संकेतस्थळ करून देऊन केव्हाच निघून गेलेल्या तंत्रज्ञाकडे असणे, हेही नवीन नाही!

आयपी क्रमांकावरून डोमेनचे नाव सांगणारी उलट नोंद इंटरनेट कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. कार्यालयातील एखादा विषाणूग्रस्त संगणक रात्रभर जाहिराती पाठवत असेल, तर क्रमांक 'स्पॅमहाउस'सारख्या काळ्या यादीत जातो. संगणक स्वच्छ करण्यापूर्वी नाव वगळण्याचा अर्ज केल्यास ते पुन्हा यादीत येते. दुरुस्त नोंदी सर्वत्र पोहोचण्यास काही तास, कधी एक दिवसही लागतो. तोपर्यंत ग्राहकाला दूरध्वनी करून दरपत्रक अन्य खात्यावरून पाठवावे आणि परत आलेला मजकूर जसाच्या तसा तंत्रज्ञाच्या हवाली करावा.