हाडांचा मांडव

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतला गेलात, तर जिकडेतिकडे द्राक्षांच्या पेट्या दिसतील. निर्यातीचे घड तोडले की लगेच शीतगृहात जातात. तिथे साधारण शून्य अंश तापमान पुरते. पण जपायचे असेल माणसाचे हाड, तर?

दचकलात ना? अहो, हाडांचीही बँक असते! मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी पेढी आहे. खुब्याचा सांधा बदलताना काढलेले हाड रुग्ण दान करू शकतो. मृत्यूनंतरही हाडे दान करता येतात. एखाद्या मुलाच्या पायात गाठ झाली आणि हाडाचा तुकडा काढावा लागला, तर ती पोकळी अशा हाडाने भरता येते. हे हाड म्हणजे जणू द्राक्षबागेतला मांडव! मुलाच्या स्वतःच्या पेशी त्यावर वेलीसारख्या पसरतात आणि नवे हाड घडवतात.

पण मांडवच कच्चा निघाला तर? हाडाला चिवटपणा देते कोलॅजेन नावाचे प्रथिन. हाड शरीराबाहेर काढले तरी त्यातली विकरे हे प्रथिन कुरतडू शकतात. घरच्या फ्रीजरसारख्या उणे २० अंशांत त्यांचे काम मंदावते, पण पुरते थांबत नाही. म्हणून त्या तापमानाला हाड सहा महिन्यांपर्यंतच ठेवतात. उणे ४० किंवा त्याहून थंड ठेवले, तर पाच वर्षांपर्यंत चालते. बऱ्याच पेढ्या तर उणे ८० अंश राखतात.

आणि वीज गेली तर? घरी एक गंमत करून बघा. द्राक्ष फ्रीजरमध्ये गोठवा, मग बाहेर काढा. कसे लिबलिबीत होते! बर्फाचे स्फटिक त्याच्या पेशी फोडतात. हाड इतके नाजूक नसते. पण वारंवार वितळणे-गोठणे त्यालाही मानवत नाही. म्हणूनच पेढीत धोक्याची घंटा, जनरेटर आणि तापमानाची रोजची नोंद लागते.

दुसरी युक्ती बेदाण्याची: पाणीच काढून टाकायचे! गोठवलेल्या हाडातल्या बर्फाची निर्वात यंत्रात थेट वाफ करतात. मग बंद पाकिटावर गॅमा किरण सोडून जंतू मारतात. असे हाड फ्रीजरविना टिकते. मात्र ते थोडे ठिसूळ होते, म्हणून वापरण्यापूर्वी भिजवतात.

कुणीतरी मोठ्या मनाने दिलेले हे दान. ते केवळ फ्रीजर बंद पडला म्हणून वाया जाऊन कसे चालेल?